चार अंगुळें उंच रथ

धर्मराजाचा रथ पृथ्वीपासून चार अंगुळें वर अधांतरीं चालत असे, आणि द्रोणाचार्यांस अश्वत्थाम्याची ती अर्धवट वार्ता सांगतांच तो खालीं येऊन इतरांच्या रथांसारखा धुळींतून चालूं लागला, ही कथा आपल्या घरांतील मुलांस बहुधा आजीच्याच तोंडून कळलेली असते. इतकीं वर्षें ती वर्गांत सांगितली, पण त्या चार अंगुळांचा उपयोग काय, हा प्रश्न मला कोणा विद्यार्थ्यानें विचारला नाहीं व मलाही कधीं सुचला नाहीं. तो गेल्या आषाढांत माझ्या भाच्यानें विचारला. अर्थात् रथाविषयीं नव्हे, आपल्या जीपगाडीविषयीं.

भाचा किल्लारीस असतो. शेती बेताची, परंतु तेरणेकडील काळीभोर जमीन. ह्या जमिनीचा स्वभाव मराठवाड्याबाहेरील वाचकांस थोडा सांगितला पाहिजे. उन्हाळ्यांत ती आकसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यांत पाणी पिऊन ती फुगते आणि लोण्यासारखी होते. अशा मातींतून चालणाऱ्याच्या जोड्याला प्रत्येक पावलागणिक आणखी एक थर चिकटतो, व शंभर पावलांवर जोडा हातांत घेणेंच शहाणपणाचें ठरतें. गाडीच्या चाकाचेंही तेंच होतें. टायरावरील खांचा मातीनें बुजल्या कीं तें चाक गुळगुळीत होतें, आणि गुळगुळीत चाक जागच्या जागीं फिरून आपला खड्डा आपणच खणीत बसतें. पावसाळा सरला म्हणजे दुसरी पीडा. उसाच्या ट्रॅक्टरांनीं पांदणींत पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात, आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो.

भाच्यानें दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या कारखान्यांत होणारी थार गाडी घेतली. चारही चाकांस जोर देणारी गाडी; दोन फुटांहून थोड्या अधिक पाण्यांतून ती जाऊं शकते, असें तिचे कर्ते सांगतात. तरीही ती दोनदां शेतांत रुतली. तेव्हां त्याच्या मित्रमंडळींनीं त्यास सल्ला दिला कीं, गाडी उंच करून घे. पुण्याहून लांब स्प्रिंगा, लांब शॉकअप व मोठे टायर मागवावयाचे, लातूरच्या एका गॅरेजांत बसवावयाचे, कीं गाडी तीन-चार इंच वर उचलली जाते. खर्च लाखाच्या घरांत. विसारही देऊन झाला होता.

हें सर्व मला आक्काच्या फोनवरून कळलें. ती म्हणाली, “अरे, तूं मास्तर होतास ना? याला कांहीं तरी सांग. आतांच त्या गाडींत चढायला मला स्टूल लागतें. उद्यां काय शिडी लावूं?” मग भाच्यानें तिच्या हातून फोन घेतला. “मामा, आईचें सोडा. तुम्हीच एकदां येऊन पाहा. पटलें नाहीं तर मी नाहीं करत.” त्याच्या ह्या शेवटच्या वाक्यावर माझा फारसा विश्वास बसला नाहीं, तरी श्रावणांत मी गेलों.

साठी उलटलेल्या माणसानें घोंगडी अंथरून गाडीखालीं निजावें हें दृश्य शेजाऱ्यांस करमणुकीचें झालें असावें. परंतु पोटापाशीं काय आहे तें पाहिल्याविना उंचीचा विचार करणें मला प्रशस्त वाटेना. गाडी म्हणजे दोन वस्तू आहेत. एक खालची, चाकें व त्यांस जोडणारा आंस. संस्कृतांतला अक्ष तो हाच. दुसरी वरची, चासी, यंत्र, बैठकी आणि त्यांत बसणारीं माणसें. ह्या दोहोंच्या मध्यें स्प्रिंगा असतात; ट्रकांत त्यांच्या जागीं पाटे असतात, जुन्या जीपांतही पाटेच असत. उंची वाढविणारा जो काय बदल करितो तो ह्या मधल्या जागेंत करितो. म्हणून वरची वस्तू उंच जाते. खालची होती तेथेंच राहते.

माझ्या भाच्याच्या गाडीचा मागचा आंस अखंड आहे आणि त्याच्या मध्यावर दातेरी चाकांचा एक लोखंडी भोपळा आहे. त्या भोपळ्याच्या बुडाखालीं मीं पट्टी लावून पाहिली. जमीन तेथून नऊ इंचांस किंचित कमी. गाडीचें सर्वांत खालचें ठिकाण हेंच. लाख रुपयांच्या स्प्रिंगा घातल्या तरी हा भोपळा तसूभर वर उचलला जाणार नाहीं, कारण तो स्प्रिंगांच्या खालीं आहे. त्यास वर नेण्याचा उपाय एकच, चाक मोठें करणें. आणि त्यांतही चाकाचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरांत पडते. मूळचें चाक एकतीस इंचांचें, नवें तेहतीसांचें. लाभ एक इंच.

“एकच?” भाचा म्हणाला. मीं पट्टी त्याच्या हातीं दिली.

दुसरा पक्षही मांडला पाहिजे. चासी वर गेल्यानें गाडीचें पोट उंच होतें, नाक व शेपूट उंच होतें. वाळलेल्या चाकोरींत, किंवा सह्याद्रींतील एखाद्या खडकाळ वाटेवर पायऱ्यांसारखे दगड चढतांना, जेथें गाडीचें नाक किंवा पोट टेकतें, तेथें ह्या उंचीचा खरा उपयोग आहे. आणि मोठीं चाकें आंत बसावयाचीं तर स्प्रिंगा उंच कराव्याच लागतात. ज्यास तसल्या वाटांची हौस आहे, ज्याच्यापाशीं घरच्या माणसांसाठीं दुसरी गाडी आहे, आणि स्प्रिंगांबरोबर ब्रेक, स्टिअरिंगचे दांडे, आंसाला फिरविणाऱ्या दंडाचे क्रॉस हें सर्व नव्या उंचीस जुळवून घेण्याइतका जो चोख आहे, त्यास मी वेडा म्हणणार नाहीं. पण बहुतेक जण स्प्रिंगांखालीं गुटके ठोकून मोकळे होतात. मग दंड तिरपा फिरतो व क्रॉस झिजतात, सोडलेलें स्टिअरिंग आपोआप सरळ होईनासें होतें, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत दिवे जातात तें निराळेंच. मोठ्या चाकानें वेगाचा कांटाही खोटें बोलूं लागतो: तो साठ दाखवितो तेव्हां गाडी चौसष्टानें धांवत असते.

आतां चिखलाचें. भाच्याचें खरें दुखणें चिखल हें होतें, दगड नव्हे. रात्रीं पाऊस होऊन गेला होता म्हणून सकाळींच आम्ही शेताकडे निघालों. शेजारचा ट्रॅक्टरवाला कौतुकानें मागोमाग आला. तो आला हें बरेंच झालें. पांदणींत वळल्यावर वीस-पंचवीस पावलांत गाडी थांबली व चाकें फिरूं लागलीं. टायरांत हवा बत्तीस पौंडांची होती. मीं भाच्यास म्हटलें, हवा अठरावर उतरव. त्याला तें पटेना. रुतलेल्या गाडीची हवा सोडणें त्याला आजाऱ्याचें रक्त काढण्यासारखें वाटलें. परंतु हिशेब सरळ आहे. गाडीचें वजन सुमारें साडेसतराशे किलो, म्हणजे साडेअडतीसशे पौंड. एकेका चाकावर साडेनऊशेंहून थोडें अधिक. टायरांत बत्तीस पौंडांचा दाब असेल तर ढोबळमानानें तीस चौरस इंच रबर जमिनीस टेकतें. दाब अठरा केला तर तेंच त्रेपन्न चौरस इंच टेकतें. (टायराच्या भिंतीही कांहीं भार घेतात, तेव्हां हा हिशेब कांटेकोर नव्हे, पण दिशा चुकत नाहीं.) उंट वाळवंटांत चालतो तो उंच आहे म्हणून नव्हे, त्याचा तळवा पसरट आहे म्हणून. उंच स्प्रिंगांनीं जमिनीस टेकणाऱ्या रबरांत एक चौरस इंचाचीही भर पडत नाहीं. उलट नव्या लोखंडाचें वजन तेवढें वाढतें.

हवा उतरविल्यावर भाच्यानें गाडी प्रथम आपल्याच चाकोरींतून मागें घेतली, मग हळूहळू पुढें नेली. एकदां घसरली, दुसऱ्यांदा निघाली, आणि लिंबापर्यंत गेली. पुढें ओढ्याकाठीं मात्र गुडघाभर राड होती. तेथें हवेचा उपाय चालला नाहीं. गाडी पोटापर्यंत बसली. भाच्याला इतका वेळ गप्प राहिल्याचा मोबदला मिळाला. “बघा मामा! इथें चार इंच उंच असती तर?” ट्रॅक्टरवाला बांधावर बसून तंबाखू मळीत होता. तो म्हणाला, “तर अजून चार इंच खोल गेली असती.”

मला त्या क्षणीं कर्णपर्व आठवलें. कर्णाच्या रथाचें चाक पृथ्वीनें गिळलें तेव्हां तो खालीं उतरून तें उपसूं लागला, आणि त्याच्या बळानें सप्तद्वीपा पृथ्वीही चार अंगुळें वर आली, असें व्यासांनीं म्हटलें आहे. तरी चाक निघालें नाहीं. धर्मराजाचीं अंगुळें चार आणि कर्णाचींही चारच. ही गोष्ट इतकीं वर्षें दोन्ही पर्वें वाचून माझ्या ध्यानांत आली नव्हती, ती ओढ्याकाठच्या राडींत उभें राहून आली. गाडी पुढें ट्रॅक्टरानेंच ओढून काढली. परत डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वी हवा पुन्हां भरली पाहिजे, हेंही भाच्यास बजावलें. सैल टायर वेगानें पळविला तर तापून फुटतो. पण ज्या जमिनींत वाफसा झाल्याशिवाय आपण बैल घालीत नाहीं, तींत साडेसतराशे किलोंची गाडी घालण्याची घाई कां, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यानें दिलें नाहीं.

संध्याकाळीं मीं पाटीवर, म्हणजे त्याच्या मुलीच्या पाटीवर, दुसरा हिशेब मांडला. गाडीचीं उजवी-डावी चाकें एकमेकांपासून सुमारें साठ इंच. गुरुत्वमध्य जमिनीपासून अठ्ठावीस इंचांवर आहे असें धरूं. अशी गाडी बाजूच्या उतारावर उभी केली तर सत्तेचाळीस अंशांच्या आसपास कलंडेल. स्प्रिंगा व चाकें मिळून वरचें अंग चार इंच उचललें, तर गुरुत्वमध्य सुमारें साडेतीन इंच वर जाईल, आणि तीच गाडी साडेत्रेचाळीस अंशांवर कलंडेल.

“साडेतीन अंश, मामा! एवढ्याशा फरकासाठीं?”

मीं सांगूं लागलों कीं, हा हिशेब दगडी गाडीचा आहे. खरी गाडी वळणावर मऊ स्प्रिंगांवर झुकते, वरचें ओझें त्या बाजूस सरकतें, टपावर सामान असतें, आंत माणसें हलतात. औशाहून येतांना वाटेंत कुत्रें आडवें आलें व स्टिअरिंग झटकन् फिरलें, तर अंश मोजावयास कोणी थांबत नाहीं. त्यावर तो हंसला. हिशेबानें माणसें वळतात हा समज मीं नोकरींत असतांनाच सोडला होता. पण संवय जात नाहीं.

बोलली ती आक्का. ती कोपऱ्यांत वाती वळीत बसली होती. “आपलें माळवद आठवतें का रे तुला?” एवढेंच म्हणाली.

ज्यांनीं जुनी किल्लारी पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. ह्या भागांतील घरें जाड दगडमातीच्या भिंतींचीं आणि वर लांकडी खणांवर मातीचें धाबें, असे. उन्हाळ्यांत घर गार राही. पावसांत गळूं नये म्हणून पावसाळ्यापूर्वी धाब्यावर मातीचा नवा थर टाकण्याची चाल होती. थर टाकणारा कोणी मूर्ख नव्हता; दर वर्षींचा थर योग्यच कारणासाठीं पडे. जुना थर मात्र कोणी काढीत नसे. असें करतां करतां माणसांच्या डोक्यावर फूट-दोन फूट माती चढली, आणि तिला पेलणाऱ्या भिंतींत दगडास दगड धरून ठेवील असें चिखलाखेरीज कांहीं नव्हतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन हलली तेव्हां भिंती फाकल्या व तें ओझें खालीं आलें. अनंतचतुर्दशीच्या विसर्जनाहून परतून लोक नुकते निजले होते. त्या रात्रीं आक्काचे सासरे व धाकटी जाऊ त्या घरांत गेलीं. भाचा तेव्हां सहा वर्षांचा होता. त्यास खणाच्या एका तुळईनें वांचविलें. आज नव्या किल्लारींत त्याचें घर सिमेंटाचें, बुटकें, हलक्या छपराचें आहे.

आक्का त्यावर आणखी कांहीं बोलली नाहीं, आणि भाचाही बोलला नाहीं. मीं पाटी पुसून मुलीस परत दिली.

कायद्याची बाजू मीं दुसऱ्या दिवशीं काढली. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखानदारानें ठरविलेल्या व नोंदणींत उतरलेल्या स्वरूपाहून गाडी भिन्न होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत हें स्पष्ट केलें आहे. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें नियमबाह्य बदलास प्रत्येकीं पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. अपघात झाला तर विमा कंपनीस हरकत घेण्यास आयतें निमित्त मिळतें तें वेगळें. भाचा म्हणाला, लातुरांत अशा दहा गाड्या फिरतात. फिरत असतील. उतारू जीपांच्या टपावर माणसें बसून जात, तींही आपण पाहिलींच आहेत.

केवळ हौशी लोकांसच नांवें ठेवावीं असें मात्र नाहीं. मालाच्या लहान गाड्यांस जादा पाटा घालून घेण्याची आमच्याकडे जी रीत आहे तिला कोणी हौस म्हणत नाहीं, पोटाचा धंदा म्हणतात. पण चूक तीच. पाटा वाढला म्हणून गाडी खालीं बसत नाहीं, आणि बसत नाहीं म्हणून ओझें जास्त झालें हें दिसत नाहीं. ब्रेक मात्र पूर्वीचेच, आंस पूर्वीचाच. उलट जेथें हे बदल विचारानें होतात तेथें त्यांची तऱ्हाच निराळी. आइसलंड बेटावर हिमनद्यांवरून जाणाऱ्या गाड्यांस अडतीसपासून चव्वेचाळीस इंचांपर्यंत व्यासाचीं चाकें बसवितात व बर्फावर त्यांतील हवा तीन-चार पौंडांपर्यंत उतरवितात. तेथें चाक मोठें करितात तें मुख्यतः पसरट तळव्यासाठीं. उंची आपोआप मागून येते. तो बर्फाचा देश, त्यांचीं कारणें त्यांच्यापाशीं. आपल्याकडे चित्रांतून ती उंची तेवढी आली.

चार दिवस राहून मी परतलों. पुढें भाच्याचें पत्र नव्हे, फोन आला. स्प्रिंगा मागविल्या नाहींत; विसाराचे निम्मे पैसे दुकानदारानें ठेवून घेतले. त्याऐवजीं मूळच्याच मापाचे, पण खोल व विरळ खांचांचे टायर घेतले, म्हणजे त्यांतली माती फिरतां फिरतां झडून पडते. हवा मोजण्याचें लहान यंत्र, गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप आणि एक जाड दोर घेतला. आक्कासाठीं दाराखालीं पायरी बसविली. ही पायरी चिखलांत मोडेल असें भाच्याचें मत आहे, आणि मोडली तर दुसरी बसवावी असें आक्काचें.

दिवाळींत मी पुन्हां गेलों होतों. भाऊबीजेच्या आदल्या रात्रीं अवकाळी पाऊस पडला, आणि सकाळीं गाडी घरीं नव्हती. अकराच्या सुमारास ती ट्रॅक्टराच्या मागें, दोरानें बांधलेली, सबंध चिखलानें माखलेली आली. मीं विचारण्यापूर्वींच ट्रॅक्टरवाला म्हणाला, “मास्तर, दोर चांगला घेतला हो.” पंप कोठें आहे म्हणून पाहिलें, तर तो घरींच कोनाड्यांत, खोक्यासकट.